जुनं पुढे, नवं मागे

१८ जून

वही नवी नाही. वसतिगृहाच्या भांडारातून निवृत्त झाले त्या दिवशी उचलून आणलेली. पहिल्या चार पानांवर झाडू आणि साबण यांची नोंद आहे, ती तशीच ठेवलीय. कोरं पान सापडलं तिथून माझं सुरू.

आज जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "घर विकावं लागेल." मीठ वाढ म्हणावं त्या सुरात. हे कामाला होते तो छापखाना बंद होऊन चार महिने झाले. माझ्या पेन्शनीत वीज, पाणी, औषधं भागतात, स्वयंपाकघर भागत नाही. घरात खाणारे तिघं. हे, मी आणि माझी नणंद. वन्संनी लग्न केलं नाही, शाळेत हस्तकला शिकवली, आणि आता आठ वर्षं आमच्याकडे आहेत.

घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. तीन खोल्या, एक कोठीची खोली आणि मागे वीस पावलं लांब परस. तेवीस वर्षं मी त्या परसात कपडे वाळत घातलेत. विकायचं म्हटल्यावर मी ताट बाजूला सारलं.

मी म्हटलं, "एकशे चाळीस मुलींचं भांडार सव्वीस वर्षं सांभाळलंय मी. तीन माणसं जड नाहीत. आता एकदाच धान्य भरते, भाजी परसात लावते. बाजारातून दुधाशिवाय काही आणणार नाही."

हे म्हणाले, "एकतीस मार्चपर्यंत असं चालवून दाखव. जमलं तर घर विकायचं नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

वन्सं साक्षीला होत्या. यांनी इतक्या पटकन ऐकलं की मीच गडबडले. एरवी चहात साखर कमी घालू का विचारलं तरी दोन दिवस विचार करणारा माणूस.

२३ जून

धान्य भरलं, वसतिगृहाच्या सवयीने दुप्पट. निवृत्तीच्या वेळचे पैसे होते ते यात घातले, आता मागे वळायला जागा नाही. तांदूळ, गहू, तीन डाळी, वाटाणे, साखर, तेलाचे डबे, मीठ. मीठ जरा जास्तच घेतलं. सुकवायला आणि खारवायला लागेल.

वन्संनी फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरलं. नुसतं अंथरलं नाही, पुढची कड कात्रीने नागमोडी कापून झालर केली. प्रत्येक लाट सारखी. मी म्हटलं, "उंदराला काय कळणार ही नक्षी?" त्या म्हणाल्या, "मला कळते ना." बाई हौशी आहे.

दोघांना कोठीचा नियम समजावला. जुनं पुढे, नवं मागे. काढायचं ते पुढून, ठेवायचं ते मागे. प्रत्येक बरणीला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. वसतिगृहात या एका नियमावर मी एक दाणा सडू दिला नाही. हे म्हणाले, "म्हणजे मागच्या बरण्यांकडे तू महिनोन्महिने बघतच नाहीस?" म्हटलं, "बघायची गरजच नसते. हीच तर गंमत आहे."

२ जुलै

परस खणलं. पाठ बोलतेय. घेवडा, टोमॅटो, मिरची लावली. बटाटे पोत्यांत. भिंतीच्या कडेने भोपळा, तो काय, माणूस पाय पसरतो तसा पसरेल.

लिंबाचं रोप आणलं होतं. खड्डा घेतला तर हे म्हणाले, "लिंबू कुंडीत लाव." म्हटलं, लिंबू का कुंडीत खुश राहील? तर म्हणे तुझा गुडघा दुखतो, कुंडीतलं उभ्याने करता येतं. संध्याकाळी स्वतः अकरा मोठ्या कुंड्या घेऊन आले. मिरची, पुदिना, कोथिंबीर, सगळं कुंडीत कर म्हणाले.

माझ्या गुडघ्याची एवढी काळजी? इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण लिंबू मी जमिनीतच लावलं. त्याला फळ धरायला तीन वर्षं लागतात, तोवर त्याला एका जागी राहू दे.

१४ जुलै

हे कागद घेऊन परसात आले. मागे दुसरा नळ घ्यायचाय, त्याच्या अर्जावर सही हवी, माणूस दारात थांबलाय. माझे हात कोपरापर्यंत खतात, चष्मा कोठीत. म्हटलं वाचते नंतर. म्हणाले, "अगं, नळच आहे." यांनी बोट ठेवलं तिथे तिथे तीन सह्या केल्या. पेन चिखलाने बरबटलं, ते यांनी आपल्या रुमालाने पुसलं.

बादल्या वाहून जीव गेला होता. नळ झाला की देव पावला.

९ ऑगस्ट

आज एक गंमत झाली. सकाळी दोन माणसं तीन पायांची लोखंडी घोडी घेऊन आली आणि परसाच्या मधोमध पाइप ठोकायला लागली. हे म्हणाले, "माती तपासायला बोलावलंय." मी बघतच राहिले. संसारात पहिल्यांदा या माणसाने माझ्यासाठी न सांगता काही केलं.

चहा घेऊन गेले. मातीवाला खोल खालून माती काढून पिशव्यांत भरत होता. म्हटलं, "एवढ्या खालची कशाला? टोमॅटोची मुळं काही तिथवर जात नाहीत." त्याने आधी यांच्याकडे बघितलं, मग चहाकडे. म्हणाला, "जमीन घट्ट आहे, बाई. कितीही भार घाला, हलणार नाही."

आता याला काय म्हणावं? घट्ट माती भाजीला वाईट, हे शेंबड्या पोराला कळतं. आणि हा भार घाला म्हणतोय. टोमॅटोचा असून असून भार किती? पण पैसे घेतले असतील तर सल्ला वाया का घालवा, म्हणून दुपारी सगळे वाफे पुन्हा खणून माती मोकळी केली. हे ओट्यावर बसून बघत होते. हात लावा म्हटलं तर उठून आत गेले.

१० ऑगस्ट

घोडीखाली घेवड्याचे सात वेल तुडवले गेले. आज लक्षात आलं.

३ सप्टेंबर

तांदळात पोरकिडे. वाईट दिवस. अख्खं पोतं चादरीवर पसरून उन्हात घातलं, वन्संनी आणि मी पाखडून पाखडून खांदे मोडून घेतले. मला भीती वाटली. खरं सांगायचं तर पहिल्यांदाच वाटलं की आपण उगाच मोठ्या तोंडाने बोललो.

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही इतकं मनाला लावून घेऊ नका. नाही जमलं तर नाही जमलं." म्हटलं, नाही जमलं तर घर जातं. त्या पाखडत राहिल्या.

दर गुरुवारी वन्सं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातात. हे स्कूटरवर सोडतात. डॉक्टर कसला आहे कळत नाही, तीन महिने झाले, साधं थेंबाचं औषधसुद्धा लिहून दिलं नाही. पण येतात त्या प्रसन्न असतात.

२७ सप्टेंबर

घेवडा उदंड. उकळत्या पाण्यातून काढून सुकवला, चौदा बरण्या झाल्या. टोमॅटोच्या चकत्या वाळवून नऊ. मांडायला मागच्या रांगेपर्यंत हात घातला तर तिथे मोकळं. जूनमधल्या डाळीच्या दोन बरण्या तिथे असायला हव्यात. मीच जागा बदलली असेल. वय झालं.

हे म्हणतात वरच्या फळ्या यापुढे मी बघतो, तू स्टुलावर चढू नकोस. बरं.

नळवाला अजून आला नाही. विचारलं की म्हणतात, मार्चनंतर बघू. छपराचा पत्रा गळतोय, तो मार्चनंतर. मागच्या दाराची कडी, तीही मार्चनंतर. हा मार्च आहे का कोण आहे?

१९ ऑक्टोबर

वय नाही झालं. चोरी होतेय.

आज यांची पाठ वळल्यावर स्टुलावर चढले. पुढची रांग जशीच्या तशी. मागची रांग विरळ. सहा बरण्या कमी, साखरेचा छोटा डबा नाही, मीठसुद्धा नाही. कोण मेलं मीठ चोरतं? आणि चोर साधा नाही, त्याला माझा नियम माहीत आहे. पुढून नेलं तर मला त्याच दिवशी कळेल. मागून नेलं तर कळायला वर्ष जाईल.

नियम माहीत असणारी माणसं किती? हे, वन्सं आणि शेजारची शिंपीणबाई. ती मागच्या दाराने पाणी न्यायला येते, कितीदा कोठीत माझ्याबरोबर बसून शेंगा सोलल्यात. नवरा गेल्यापासून एकटी मशीन चालवते. तिच्याविषयी असं मनात आणायची मला लाज वाटतेय.

२२ ऑक्टोबर

लाज वाटायचं कारण उरलं नाही. फाटलेली चादर टाके घालायला घेऊन गेले तर हिच्या मशीनशेजारी माझी बरणी. माझी चिठ्ठी, माझं अक्षर, "वाटाणे, २३ जून". आत बटणं भरलेली. वाटाणे खाऊन झाले असणार.

चादर तशीच घेऊन परत आले. यांना सांगितलं. यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "असतात माणसं अशी. तू आता तिच्याकडे जाऊ-येऊ नकोस." वन्सं खाली मान घालून लसणाच्या वेण्या घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. चांगल्या आहेत, कुणाचं वाईट बोलवत नाही त्यांना.

मागच्या दाराला कुलूप लावलं. मार्चची वाट बघितली नाही.

१६ नोव्हेंबर

टोमॅटो करपले. सगळे. पानांवर आधी काळे डाग, मग फांद्याच मऊ पडल्या. चार दिवसांत वाफा साफ. आता दोन वेळा भोपळा. भोपळ्याची भाजी, भोपळ्याचं सूप, काल भोपळ्याच्या बिया.

आज पिशवी घेऊन भाजीबाजारात गेले. खरंच गेले. एका गाड्यासमोर उभी राहिले, लाल टोमॅटो हातात घेतला, दाबून बघितला, परत ठेवला. भाजीवाली म्हणाली, "बाई, घ्यायचे नसतील तर दाबू नका." रिकामी पिशवी घेऊन घरी.

यांना सांगितलं तर म्हणाले, "घ्यायचेस की. कोण बघतंय?"

कोण बघतंय? माझा संताप संताप झाला. अट यांनीच घातली, पाळतेय मी, आणि हे म्हणतात कोण बघतंय. ताट तसंच टाकून परसात जाऊन बसले.

८ डिसेंबर

शिंपीणबाई पुढच्या दाराने आली. म्हणाली, "ताई, एक बोलायचंय. बसून बोलू."

मी दारातच आडवी. "बरणी परत आणलीत का?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. चेहरा पांढरा पडला. "तुम्हाला वाटतं मी..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, वाटाणे हवे होते तर मागायचे, पोतंभर दिले असते. ती गेली. फाटकाची कडी नीट लावून गेली, आपटली नाही.

बरं झालं बोलले ते. तरी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले.

१५ जानेवारी

वाटाणा आलाय. काय वाटाणा आलाय. कोबी, मुळा, पालक, गाजरं. सकाळी परसात गेलं की कुठे बघू आणि कुठे नको होतं. लिंबाला सात नवी पानं. आज जेवणात पाच जिन्नस, त्यातला एकही विकतचा नाही. मी म्हटलं, "अडीच महिने राहिले. जिंकले असं समजा."

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदाने. हे म्हणाले, "छान झालंय," आणि पाणी प्यायले. तेवढंच. या माणसाला हरणं सोसत नाही, पण हरल्याचा फायदा यांचाच आहे हे यांना कोण सांगणार?

६ मार्च

आधी लिहून टाकते. नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं होतं.

हे म्हणाले, तयार हो, एक गोष्ट दाखवायचीय. वन्संही निघाल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत, लिफ्ट, तिसरा मजला. यांनी खिशातून किल्ली काढली. मला वाटलं यांच्या मित्राचं घर. दोन खोल्या, रंगाचा वास. गॅलरी हातभर रुंद. हे म्हणाले, "कुंड्या इथे बसतात. मोजून घेतल्यात. अकराच्या अकरा."

मी म्हटलं, "कुणाच्या कुंड्या?"

 वन्संनी माझा हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि भिंतीतलं कपाट उघडलं. "बघा वहिनी. तुमची कोठी."

माझ्या बरण्या. डाळ, साखर, मीठ, घेवडा. माझ्या चिठ्ठ्या, माझं अक्षर. तीन फळ्या भरून, रांगेत. खाली वर्तमानपत्र आणि पुढच्या कडेला नागमोडी झालर. प्रत्येक लाट सारखी.

पायाखालची जमीन गेली म्हणतात ते खोटं. जमीन घट्ट होती. कितीही भार घाला.

माझ्या तोंडून काय निघालं, तर, "मांडणी उलटी केलीत. नवं पुढे आलंय." आणि मी तिथेच बरण्या मागेपुढे करायला लागले. हाताला सवय आहे. दुसरी बरणी उचलली तर खालच्या कागदावरची तारीख दिसली. तारीख दिसली की मी वाचते, तीही सवय. नऊ जून.

ही वही मी अठरा जूनला सुरू केली. यांनी शब्द दिला त्या दिवशी. वन्सं झालरीला त्या दिवसाचंच करकरीत वर्तमानपत्र घेतात. म्हणजे शब्द दिला त्याच्या नऊ दिवस आधी हे कपाट अंथरून तयार होतं.

७ मार्च

विचारलं. सगळं विचारलं.

परसावर चार मजले उठणार आहेत. माती त्यासाठी तपासली. नळाचा अर्ज नव्हता, विक्रीचा करार होता. मी सही केलीय. एकदा नाही, तीनदा. बरणीवर चिठ्ठी नसली तर बोट न लावणारी मी, यांनी बोट ठेवलं तिथे सही केली.

"मला सांगितलं का नाही?"

हे म्हणाले, "तू ऐकलं असतंस का?"

"विचारलं असतंत तर कळलं असतं."

"मी थकलो गं. छप्पर, भिंती, आणि वरून नोकरी गेली. तुला पटवायची ताकद नव्हती माझ्यात."

"मग पैज कशाला लावलीत? साधं खोटं पुरलं नसतं?"

यांनी वन्संकडे बघितलं. वन्सं बोलल्या. "वहिनी, तुमचं मन गुंतून राहावं म्हणून. मार्चपर्यंत वेळ काढायचा होता. तुम्हाला कामात आनंद वाटतो, म्हणून आम्ही म्हटलं..."

आम्ही म्हटलं.

घर विकलं याचं दुःख आहेच. पण हे जास्त लागलं. मी पोरकिडे निवडले, करपलेला वाफा उपटताना रडले, लाल टोमॅटो हातात घेऊन परत ठेवला, आणि ही दोघं रोज माझ्या हातचं जेवून मूग गिळून बसली होती. लहान मुलाला खेळायला बसवावं तसं मला माझ्याच परसात बसवलं. केसाने गळा कापला माझा, आणि कापताना गुडघ्याला जप म्हणाले.

९ मार्च

शिंपीणबाईकडे गेले. दार तिने उघडलं, आत या म्हणाली नाही.

म्हणाली, "ती बरणी तुमच्याच मालकांनी दिली. वाटाणे भरून. बिल्डरला माझंही घर हवं होतं, त्याचा निरोप घेऊन आले होते. मी नाही म्हटलं. डिसेंबरात मी तेच सांगायला आले होते, तुम्हाला ठाऊक तरी आहे का म्हणून."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "हं." मग म्हणाली, "भोपळ्याचा वेल माझ्या अंगणात आलाय तुमचा. चार धरलेत. न्या केव्हातरी." आणि मशीनवर जाऊन बसली.

यांना माहीत होतं तिने चोरी केली नाही. माझ्यासमोर बसून, माझ्याच ताटात जेवून म्हणाले, असतात माणसं अशी. घराचं मी कदाचित कधीतरी विसरेन. हे नाही.

१३ मार्च

भाजी अळणी वाढली. कोठीतलं मीठ संपलं. यांनी एक घास खाल्ला, मीठ मागितलं. म्हटलं, "तिकडच्या घरी आहे. तुम्हीच नेलंत."

"आणू का दुकानातून?"

"एकतीस तारीख झालेली नाही. बाजारातून काही आणायचं नाही असं ठरलंय."

हे उठले, स्कूटर काढली, गावाच्या त्या टोकाला जाऊन मीठ घेऊन आले. तासाने. भाजी गार झाली होती. मी म्हटलं, आता रोज जा, आणि जसं नेलं तसं सगळं आणा.

२२ मार्च

एकेक पिशवी करून सगळ्या बरण्या परत आल्या. शेवटची वन्संनी आणली. कोठीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वहिनी, माझ्याशी बोला तरी." म्हटलं, "तुमचे डोळे कसे आहेत?" त्या रडल्या. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा राग आला.

त्यांनी बरणीखालचा झालरीचा कागदही गुंडाळून आणला होता. मी तो पुन्हा अंथरला नाही. या वहीत ठेवलाय.

३१ मार्च

आज पैज संपली. सकाळी पाच जिन्नस केले. वाटाणा, बटाटा, पालक, सुकवलेला घेवडा, भात. लिंबू नाही, त्याला अजून दोन वर्षं आहेत. हे आणि वन्सं जेवले. मी वाढता वाढता म्हटलं, "मी जिंकले."

कुणी वर बघितलं नाही.

दुपारी बिल्डरचा कारकून आला. चांगला माणूस वाटला, चप्पल बाहेर काढून आला. जुलैत केला तो करार, हे शेवटचं खरेदीखत. याच्यावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय घर त्यांचं होत नाही. यांनी आपली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. बोट ठेवायला बोटही पुढे आलं, मग मागे गेलं.

मी म्हटलं, "थांबा. हात धुते. चष्मा आणते."

हात साबणाने धुतले. चष्मा पुसला. ओट्यावर बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले. अकरा पानं होती. कारकुनाने दोनदा घड्याळ बघितलं, वन्संनी त्याला चहा दिला, हे भिंतीला टेकून उभे होते. कळलं नाही ते मी दोनदा वाचलं. इतका वेळ या घरात कुणी माझी वाट बघितली नव्हती.

वाचून झाल्यावर विचारलं, "मी सही नाही केली तर?"

कारकून म्हणाला, "कोर्टकज्जा होईल, बाई. करारावर सही आहे तुमची. सुटणार नाही, पण वेळ लागेल."

"किती?"

"वर्षही लागेल."

यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अगं, त्या घराचे हप्ते आहेत. मी तोंडघशी पडेन." म्हटलं, "मला माहीत आहे. मी नऊ महिने तिथेच आहे."

मग कोठीत गेले. एक चिठ्ठी घेतली, "खरेदीखत, ३१ मार्च" असं लिहिलं आणि कागदाला लावली. वरच्या फळीवर, भिंतीला लागून, अगदी मागे ठेवला. त्याच्या पुढे डाळ, डाळीपुढे गहू, गव्हापुढे घेवडा. सगळ्या बरण्या तारखेने लावल्या. स्टुलावर चढून लावल्या, गुडघा दुखला.

हे दारात आले. "सही करणार आहेस की नाही?"

"त्याचा नंबर आला की."

"कधी येणार नंबर?"

मी रांग बघितली. या घराला अकरा महिने पुरेल एवढं पुढे होतं. तसं सांगितलं, आणि वाटाण्याला पाणी घालायचं राहिलं होतं म्हणून बादली घेऊन परसात गेले.